विश्लेषण : एक कोटी हातात असताना साडेसात कोटींचा प्रश्न सोडावा का?

कोल्हापूरच्या गृहिणीचा निर्णय, ‘केबीसी’च्या शिडीचे गणित आणि थांबायचे कधी याचे उत्तर

कळंबा (ता. करवीर) : ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू असताना घराघरांत दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक, ‘खेळ की, काय होतंय!’ आणि दुसरा, ‘आता थांब, पुरे झालं.’ कळंबा, पाचगाव, मोरेवाडीपासून थेट मुंबईपर्यंत हे दोन पक्ष प्रत्येक घरात असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये हा वाद कोल्हापूरकरांना जास्तच जवळचा वाटला, कारण समोरच्या खुर्चीवर कोल्हापूरच्याच कविता चावला होत्या. एक कोटी रुपये जिंकून त्यांनी साडेसात कोटींच्या प्रश्नावर खेळ सोडला. हा निर्णय बरोबर होता का? गणित काय सांगते आणि माणूस काय करतो, याचा हा आढावा.

नेमके काय घडले होते?

कविता चावला या कोल्हापूरच्या गृहिणी. तेव्हा वय ४५, शिक्षण बारावीपर्यंत. ‘केबीसी’ २००० मध्ये सुरू झाले, तेव्हापासून त्यांची तिथे जाण्याची धडपड सुरू होती. २०२१ मध्ये त्या ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’ फेरीपर्यंत पोहोचल्या, पण हॉट सीट हुकली. पुढच्याच वर्षी त्या पुन्हा गेल्या आणि १४ व्या पर्वाच्या पहिल्या करोडपती ठरल्या. मुलाचा अभ्यास घेता घेता आपणही शिकत गेलो, असे त्यांनी कार्यक्रमात सांगितले होते.

शेवटचा प्रश्न क्रिकेटचा होता. गुंडप्पा विश्वनाथ यांनी प्रथम श्रेणी पदार्पणात द्विशतक ठोकले, ते कोणत्या संघाविरुद्ध? पर्याय होते सर्व्हिसेस, आंध्र, महाराष्ट्र आणि सौराष्ट्र. बरोबर उत्तर होते आंध्र. कविता यांनी उत्तर न देता एक कोटींवर थांबणे पसंत केले.

या पर्वाची शिडी वेगळी का होती?

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे निमित्त साधून १४ व्या पर्वात दोन बदल झाले. सर्वांत मोठे बक्षीस सात कोटींऐवजी साडेसात कोटी झाले. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा होता. ७५ लाखांवर ‘धन अमृत’ नावाचा नवा पडाव आला.

पडाव म्हणजे जिथपर्यंत पोहोचल्यावर तेवढी रक्कम पक्की होते, ती पायरी. पुढे चुकलात तर शून्यावर नाही, शेवटच्या पडावावर उतरता. आधी १० हजार आणि ३ लाख २० हजार असे दोन पडाव होते. म्हणजे एक कोटीच्या प्रश्नावर चुकणारा स्पर्धक थेट ३ लाख २० हजारांवर यायचा. १४ व्या पर्वात तो ७५ लाखांवर थांबू लागला.

याचा सरळ अर्थ असा की, ७५ लाख जिंकलेल्या स्पर्धकासाठी एक कोटीचा प्रश्न फुकटचा होता. चुकला तरी ७५ लाख, सोडला तरी ७५ लाख. तिथे खेळ सोडण्यात काहीच फायदा नव्हता.

किती खात्री असेल तर खेळावे?

यासाठी एक सोपे सूत्र आहे. हातातल्या रकमेतून चुकल्यास उरणारी रक्कम वजा करा. पुढच्या रकमेतूनही तीच रक्कम वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. जो आकडा येईल, तेवढी खात्री असेल तर खेळणे आणि थांबणे यांची सरासरी सारखीच पडते. खात्री त्यापेक्षा जास्त असेल तर खेळणे फायद्याचे, कमी असेल तर थांबणे.

१४ व्या पर्वाच्या शिडीला हे सूत्र लावले तर किमान खात्री अशी निघते :

• ३.२० लाखांवरून ६.४० लाखांसाठी : ० टक्के (काही गमवायचेच नाही)
• ६.४० लाखांवरून १२.५० लाखांसाठी : सुमारे ३४ टक्के
• १२.५० लाखांवरून २५ लाखांसाठी : सुमारे ४३ टक्के
• २५ लाखांवरून ५० लाखांसाठी : सुमारे ४७ टक्के
• ५० लाखांवरून ७५ लाखांसाठी : सुमारे ६५ टक्के
• ७५ लाखांवरून १ कोटीसाठी : ० टक्के
• १ कोटीवरून ७.५० कोटींसाठी : सुमारे ४ टक्के

टीव्हीवर पार्श्वसंगीत शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त गंभीर होते. आकडे मात्र वेगळेच सांगतात. या शिडीवरची सर्वांत अवघड पायरी ७५ लाखांची होती. तिथे चुकले तर ५० लाखांचे ३ लाख २० हजार होणार, आणि जिंकले तर फक्त २५ लाख वाढणार. म्हणून तिथे पावणेदोन तृतीयांश नव्हे, पुरती दोन तृतीयांशाच्या आसपास खात्री हवी. कविता चावला ही पायरी ओलांडून पुढे गेल्या होत्या. त्यांच्या खेळातला खरा कस तिथे लागला होता, पण चर्चा झाली ती शेवटच्या प्रश्नाची.

मग गणिताप्रमाणे त्यांनी खेळायला हवे होते?

केवळ सरासरी पाहिली तर हो. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तरी बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के. किमान खात्री हवी होती ४ टक्के. असा खेळ शंभर जणांनी खेळला आणि त्यातल्या २५ जणांचे उत्तर बरोबर आले, तर माणशी सरासरी सुमारे २ कोटी ४४ लाख पडतात. थांबणाऱ्याला मिळतो एक कोटी.

पण या हिशेबात एक मोठी अडचण आहे. खेळ शंभर जण खेळत नाहीत, एकच माणूस एकदाच खेळतो. त्याला सरासरी मिळत नाही. त्याला एकतर साडेसात कोटी मिळतात किंवा ७५ लाख. शंभरातल्या ७५ जणांना २५ लाख गमावून घरी जावे लागते, आणि ‘करोडपती’ हे बिरुदही तिथेच सुटते.

दुसरी अडचण २५ टक्क्यांची. प्रश्न तयार करणारे लोक पर्याय उगाच टाकत नाहीत. चुकीचा पर्यायही बरोबर वाटावा अशी रचना असते. त्यामुळे अर्धवट माहिती असलेला माणूस कधीकधी डोळे मिटून निवडणाऱ्यापेक्षाही जास्त चुकतो. ‘थोडेसे आठवतेय’ ही या खेळातली सर्वांत फसवी भावना आहे.

कर वजा केल्यावर चित्र बदलते का?

जिंकलेली सगळी रक्कम हातात येत नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम ११५ बीबीनुसार अशा बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर लागत होता. त्यावर रकमेनुसार अधिभार आणि ४ टक्के उपकर. नेहमीची सूट किंवा वजावट इथे चालत नाही. २०२२-२३ च्या दरांनी, दुसरे काही उत्पन्न नाही असे धरले, तर साधारण हिशेब असा :

• ७५ लाखांतून हातात : सुमारे ४९ लाख २६ हजार
• १ कोटीतून हातात : सुमारे ६५ लाख ६८ हजार
• ७.५० कोटींतून हातात : सुमारे ४ कोटी २९ लाख

साडेसात कोटींवर अधिभाराचा दर त्या वर्षी ३७ टक्के होता, म्हणून तिथे कराचा चावा जास्त मोठा. तरीही किमान खात्रीचा आकडा ४ टक्क्यांच्या जवळपासच राहतो. म्हणजे कर धरूनही कोरडे गणित ‘खेळा’ असेच सांगते.

आता हेच आकडे पगारात मोजून पाहू. समजा, कळंब्यातल्या एका कुटुंबात महिना ३० हजार रुपये येतात. वर्षाला ३ लाख ६० हजार. अशा घरासाठी एक कोटीतून उरणारी रक्कम म्हणजे सुमारे १८ वर्षांची कमाई. ७५ लाखांतून उरणारी म्हणजे जवळपास १४ वर्षांची. दोन्हींतला फरक साडेचार वर्षांच्या पगाराएवढा. साडेसात कोटी मिळाले तर ११९ वर्षांची कमाई. ११९ वर्षांच्या कमाईचे स्वप्न आणि साडेचार वर्षांच्या कमाईचे नुकसान एका तराजूत घालणे कागदावर सोपे असते. खुर्चीवर बसलेल्या माणसाला मात्र साडेचार वर्षे डोळ्यांसमोर दिसतात, ११९ वर्षे दिसत नाहीत.

माणूस गणिताविरुद्ध का वागतो?

हा प्रश्न जुना आहे. १७३८ मध्ये डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने त्यावर एक उत्तर दिले. पैसा वाढत जातो तशी प्रत्येक वाढीव रुपयाची किंमत माणसाच्या लेखी कमी होत जाते. उपाशी माणसाला पहिली भाकरी जेवढी मोलाची, तेवढी पाचवी नसते. साडेसात कोटी हे एक कोटीच्या साडेसात पट असले, तरी त्यातून मिळणारे समाधान साडेसात पट नसते.

१९७९ मध्ये डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी पुढचा धागा पकडला. माणसाला मिळालेल्या शंभर रुपयांच्या आनंदापेक्षा गेलेल्या शंभर रुपयांचे दुःख जास्त होते, असे त्यांनी दाखवले. एक कोटी ‘आपले’ झाले की ७५ लाख ही कमाई वाटत नाही, २५ लाखांचे नुकसान वाटते. अर्ध्या तासापूर्वी तेच ७५ लाख स्वप्नवत वाटत होते, हे मन विसरते.

टीव्हीवरचे खेळ या अभ्यासासाठी अर्थतज्ज्ञांना फार उपयोगी पडतात. प्रयोगशाळेत कुणाला खरेखुरे कोटी रुपये देऊन पाहता येत नाही, टीव्हीवर ते आपोआप घडते. ‘डील ऑर नो डील’ या खेळातील स्पर्धकांच्या निर्णयांवर रिचर्ड थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी काय गमावले किंवा कमावले, यावर पुढचा धोका किती पत्करायचा हे ठरते, असे त्यात दिसले. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

बबिता ताडे यांचा निर्णय वेगळा कसा?

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे २०१९ मध्ये ११ व्या पर्वात एक कोटी जिंकल्या. शाळेत खिचडी शिजवण्याच्या कामाचे त्यांना महिना १५०० रुपये मिळत होते. त्यांनीही सात कोटींचा प्रश्न सोडला. वरवर दोघींचा निर्णय सारखाच दिसतो. प्रत्यक्षात दोघींसमोरची दरी वेगळी होती.

बबिता यांच्या वेळी ७५ लाखांचा पडाव नव्हता. चुकल्या असत्या तर एक कोटीवरून थेट ३ लाख २० हजारांवर आल्या असत्या. साध्या सरासरीने त्यांना सुमारे १४ टक्के खात्री पुरेशी होती. पण बर्नुलीच्या मोजमापाने, म्हणजे पैशाची घटती किंमत धरून पाहिले, तर हवी असलेली खात्री ६४ टक्क्यांपर्यंत जाते. त्याच मापाने कविता चावला यांच्यासाठी ती १३ टक्क्यांच्या आत राहते. (जवळ बक्षिसाशिवाय दुसरी पुंजी नाही, असे धरून हा हिशेब आहे.)

महिना १५०० रुपयांच्या हिशेबाने एक कोटी म्हणजे साडेपाचशेहून अधिक वर्षांचा पगार. तिथे ‘खेळा’ म्हणणे हे सोफ्यावर बसलेल्याचे धाडस झाले. बबिता यांचे थांबणे गणिताच्या कसोटीवरही टिकते. कविता यांचे थांबणे गणितापेक्षा सावधपणाकडे झुकते. दोन्हीही समजण्यासारखे आहे, पण दोन्ही एक नाही.

धोका पत्करणाऱ्याचे काय झाले?

त्याच १४ व्या पर्वात दिल्लीचे शाश्वत गोयल हेही एक कोटी जिंकून साडेसात कोटींच्या प्रश्नापर्यंत गेले. ‘प्रायमस इन इंडिस’ हे लॅटिन ब्रीदवाक्य घेणारी, भारतात आलेली पहिली ब्रिटिश रेजिमेंट कोणती, असा प्रश्न होता. शाश्वत यांनी उत्तर दिले आणि ते चुकले. बरोबर उत्तर होते ३९ वी पायदळ रेजिमेंट, जी १७५४ मध्ये भारतात आली. एक कोटीचे ७५ लाख झाले.

शाश्वत चुकले म्हणून त्यांचा निर्णय चुकीचा ठरत नाही. कविता यांचा एक कोटी टिकला म्हणून त्यांचा निर्णय आपोआप बरोबर ठरत नाही. निर्णय तोलायचा तो त्या क्षणी हातात असलेल्या माहितीवर. निकाल नंतर येतो, त्यात नशिबाचाही वाटा असतो.

खात्री वाढवता येते का?

येते, आणि चांगले स्पर्धक तिथेच वेगळे ठरतात. विश्वनाथ यांचाच प्रश्न पाहा. उत्तर पाठ नसले तरी तर्काचा एक रस्ता होता. विश्वनाथ म्हैसूरकडून, म्हणजे आजच्या कर्नाटककडून खेळायचे. त्या काळी रणजी करंडकाचे साखळी सामने विभागवार व्हायचे. दक्षिणेचे संघ आधी आपसांत खेळायचे. चार पर्यायांत दक्षिण विभागाचा संघ एकच, आंध्र. १९६७-६८ च्या हंगामात विश्वनाथ यांनी आंध्रविरुद्धच २३० धावा केल्या होत्या.

हा धागा सापडला असता तर खात्री २५ टक्क्यांवरून कितीतरी वर गेली असती. अर्थात घरी चहा पिताना हे सुचणे वेगळे आणि दिव्यांच्या झोतात, समोर अमिताभ बच्चन बसलेले असताना सुचणे वेगळे. तरी तयारी करणाऱ्यांसाठी धडा स्पष्ट आहे. सुटी उत्तरे पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागची रचना माहीत असली, तर न येणारा प्रश्नही अर्धा सुटतो.

पैसे नसलेल्या खेळातही हाच प्रश्न पडतो?

ब्रिटनच्या चॅनेल फोरवर २ नोव्हेंबर १९८२ पासून ‘काउंटडाउन’ हा शब्द आणि आकड्यांचा खेळ सुरू आहे. मूळ कल्पना फ्रान्सची. तिथे नऊ अक्षरांतून ३० सेकंदांत मोठ्यात मोठा शब्द बनवायचा असतो. आकड्यांच्या फेरीत सहा संख्या वापरून तीन अंकी संख्येपर्यंत पोहोचायचे. उदाहरणार्थ ७५, ६, ४, ३ हाताशी आहेत आणि ४५७ हवे आहेत, तर ७५ गुणिले ६ म्हणजे ४५०, त्यात ४ आणि ३ मिळवा. या खेळातले गाजलेले बक्षीस म्हणजे चहाची किटली!

तरीही स्पर्धकासमोर तोच पेच असतो. सहा अक्षरांचा शब्द पक्का आहे, आठ अक्षरांचा शब्द शब्दकोशात आहे की नाही याची शंका आहे. काय सांगायचे? शब्द चुकला तर गुण शून्य. प्रतिस्पर्धी बाजूला ठेवला तर सहा भागिले आठ, म्हणजे ७५ टक्के खात्री हवी. प्रतिस्पर्ध्याने सातचा शब्द सांगितला असेल, तर सहाचा पक्का शब्द काहीच कामाचा नाही, मग आठचा धोका घ्यावाच लागतो. थांबायचे की खेळायचे, हे फक्त आपल्या हातातल्या पत्त्यांवर नाही, समोरच्या परिस्थितीवरही ठरते.

हॉट सीटपर्यंत पोहोचताना काय लक्षात ठेवावे?

‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’मध्ये चार पर्याय योग्य क्रमाने लावायचे असतात. चार गोष्टी २४ प्रकारे लावता येतात. म्हणजे नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २४ पैकी एक. शिवाय बरोबर उत्तर देणाऱ्यांत सर्वांत वेगवान असावे लागते. इथे ज्ञानाइतकाच बोटांचा सराव लागतो. २०२१ मध्ये हुकलेली संधी कविता यांनी २०२२ मध्ये साधली, ती याच फेरीतून.

मोबाइलवर ‘तुम्हाला केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली’ असा संदेश आला, तर तो निखालस फसवा समजा. हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम आहे, न खेळता कुणाचा नंबर लागत नाही. बक्षीस सोडवण्यासाठी ‘प्रोसेसिंग फी’ मागणारा भामटाच असतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

थोडक्यात काय?

• पडावाच्या लगेच पुढचा प्रश्न सोडू नका, तिथे गमवायला काही नसते.
• पडावापासून जितके वर, तितकी जास्त खात्री हवी. पण पुढची उडी फार मोठी असेल तर कमी खात्रीही चालते.
• आकड्यासोबत घरची गरज मोजा. गेलेली रक्कम परत उभी करायला किती वर्षे लागतील, हा प्रश्न स्वतःला विचारा.
• ‘आठवतेय असे वाटते’ आणि ‘माहीत आहे’ यांतला फरक ओळखा.

हीच मोजणी टीव्हीपुरती मर्यादित नाही. चालू नोकरी सोडून धंदा टाकणे, स्पर्धा परीक्षेचा आणखी एक प्रयत्न करणे, जमीन विकून प्लॉट घेणे, प्रत्येक ठिकाणी हातात काय आहे, पुढे काय मिळेल आणि चुकले तर कुठे थांबू, हे तीनच आकडे लागतात. पहिले दोन सगळेच पाहतात. तिसरा, म्हणजे आपला पडाव कुठे आहे, हा पाहायचा राहून जातो. टीव्हीवर तो पडाव कार्यक्रम ठरवून देतो. घरात मात्र तो आपला आपल्यालाच बांधावा लागतो.